फिरतो तो टेसरॅक्ट, दिसते ती सावली

टेसरॅक्ट, म्हणजे चार मितींमधला घन, स्क्रीनवर फिरताना बघितलाय? आतला छोटा घन फुगत बाहेर येतो, बाहेरचा आत जातो. रबरच जणू! पण मी सांगतो, काहीच ताणलं जात नाहीये. मोबाइलच्या टॉर्चसमोर हात फिरवा. भिंतीवर बोटं लांब-आखूड होतात, खरी बोटं तेवढीच राहतात. इथंही तसंच.

१६ कोपरे, प्रत्येकाला चार आकडे. चौथा आणि आणखी एक आकडा साइन-कोसाइननं फिरवायचा, मग चौथ्या मितीत लांब गेलेलं लहान काढायचं. ३२ कडांची लांबी कायम सारखीच! थॉमस बँचॉफ आणि चार्ल्स स्ट्रॉस यांनी १९७८ मध्ये कॉम्प्युटरवर याची फिल्मच केली. म्हणून लक्षात ठेवा, आतला घन छोटा नाही, लांब आहे.