अन्नछत्रापासून स्वावलंबनाकडे



कुंभकोणमनजीकच्या तिरुक्करुगावूर येथे गर्भरक्षांबिका देवीचे प्राचीन मंदिर आहे. सुखरूप प्रसूतीची प्रार्थना करण्यासाठी तेथे दूरदूरच्या स्त्रिया येतात. हे गाव ज्या तंजावूर मुलखात वसले आहे, तेथील मराठी राजांनी रामेश्वराच्या वाटेवर अनेक छत्रे, म्हणजे अन्न आणि निवारा देणाऱ्या धर्मशाळा उभारल्या होत्या.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांचा कारभार कंपनी सरकारकडे गेला; तंजावूरचा किल्ला आणि आसपासचा परिसर तेवढा हाती राहिला. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. राज्य गमावलेल्या या राजाचे त्यातील कळकळीचे मागणे होते, ते छत्रे अबाधित राहावीत हे. छत्रांतील व्यवस्थाही त्यांनी वर्णिली आहे: आजाऱ्यांना औषधोपचार, तान्ह्या बालकांना दूध, गरोदर स्त्रियांची शुश्रूषा आणि प्रसूतीनंतरही काही काळ आसरा. अनाथ मुलांना तेथे अन्नवस्त्र मिळेच. शिवाय शिकविण्यास शिक्षकही असत.

या शेवटच्या तरतुदीत दूरदृष्टी आहे. अन्नाने आजची भूक भागते. विद्येने उद्याची भाकरी मिळविता येते. आलेला माणूस एके दिवशी स्वतःच्या पायांवर उभा राहून निरोप घेतो, तेव्हाच आसऱ्याचे काम पूर्ण होते.

आज मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर बेघरांसाठी निवारा असावा, असा दंडक आहे. भिंती आणि छप्पर शासन देऊ शकते. पुढची वाट मात्र माणसांनी माणसांसोबत चालावी लागते. ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खाते नाही, आणि पत्ता नाही म्हणून नोकरी नाही, अशा फेऱ्यात बेघर माणूस अडकतो. तेथे स्वयंसेवकाचे मोल कळते. कोणी अर्ज भरून द्यावा, कोणी कचेरीत सोबत जावे, कोणी अक्षरओळख करून द्यावी, कोणी शिवणकाम वा विजेची दुरुस्ती शिकवावी. मात्र हे एका दिवसाच्या उत्साहाने साधत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणाऱ्या माणसावरच निराधाराचा विश्वास बसतो.

शाळेने साठ वर्षांत ज्यांना शिकविले, त्यांनी आठवड्यातील दोन तास या कार्याला द्यावेत. ज्ञानदानाची परंपरा वर्गाबाहेर नेण्याचा तो मार्ग ठरेल. शाळेच्या हीरक महोत्सवाला याहून उचित भेट कोणती?