मंडळाचा टी-शर्ट: आधी कापड, मग छपाई
(यवतमाळ येथील पावसाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मालेत संतसाहित्यावर बोलणं होतं, पाण्यावर होतं, शेतीवर तर दरवर्षी होतं. टी-शर्टावर बहुधा आजच पहिल्यांदा होत असावं. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला. कारण येत्या काही महिन्यांत इथल्या निम्म्याअधिक लोकांच्या मंडळांना, शाळांना, बचत गटांना हा खर्च करायचाच आहे. गणपती आला, त्यामागे दुर्गोत्सव, मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर निघणारे गट, 15 नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंतीची रॅली आणि थंडीत शाळांच्या स्पर्धा. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव आपलाच, असं आपण यवतमाळकर छातीठोकपणे सांगतो. त्या छातीवर काय छापलेलं असतं आणि ते किती दिवस टिकतं, एवढाच माझा विषय.

मी छपाईच्या धंद्यातला माणूस. दुकानात संवाद नेहमी एकाच क्रमाने होतो. चार कार्यकर्ते येतात, एक जण मोबाइल पुढे करतो. "भाऊ, हे डिझाइन. शंभर पीस. परवा पाह्यजेत. कितीले पडन?" म्हणजे चित्र आधी, मग नग, मग तारीख, शेवटी भाव. कापडाचं नाव कोणीच काढत नाही. माझं म्हणणं असं, की हा क्रम पार उलटा आहे. कपडा कोण घालणार, कुठे, किती वेळा, हे पहिलं. त्यावरून कापड. छपाईची पद्धत कापड ठरवतं, आणि त्या पद्धतीला झेपेल तेवढंच चित्र काढायचं. मोबाइलमधलं चित्र सगळ्यात शेवटी यायला हवं.

कापड म्हणजे आपल्यापुढे मुख्यतः दोनच पर्याय, सुती होजिअरी आणि पॉलिएस्टर. शिवाय दोन्हींची मिश्रणं. आपण कापसाच्या जिल्ह्यातले. वणीच्या, पांढरकवड्याच्या जिनिंगमधून गाठी निघतात, त्यातल्या पुष्कळ तामिळनाडूच्या गिरण्यांत जातात, तिरुपूरला होजिअरी होते आणि टी-शर्ट होऊन आपल्याच बाजारात परत येतात. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचं डेनिम तयार होतं, ते वेगळं; टी-शर्टचं कापड मात्र बाहेरूनच येतं. आणि आता बाहेरून येतं त्यात पॉलिएस्टर वाढत चाललंय. ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या अंगावर पाहा, बहुतेक ठिकाणी जाळीदार डॉट निट दिसेल.

पॉलिएस्टरला मी नावं ठेवत नाही. कबड्डीच्या, धावण्याच्या पोरांना तेच चांगलं. हलकं असतं, लवकर वाळतं, आकार सोडत नाही. पण हवेतला ओलावा धरायची ताकद कापसात साधारण साडेआठ टक्के आणि पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घाम शोषायचं काम हा धागा स्वतः करत नाही, तो जाळीवाटे वाऱ्यावर सोडून देतो. वारा असेल तर ठीक. मंडपात, गर्दीत, पाच तास उभं राहणाऱ्या स्वयंसेवकाला वारा कुठून मिळणार? त्याला सुतीच द्या. कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असं, सांगतात. 180 च्या आसपासचं सुती कापड आपल्याकडे बरं पडतं. त्याहून पातळ घेतलं तर दोन धुण्यांत गळा लोंबतो.

पॉलिएस्टर इतकं का पसरलं? त्यामागे सब्लिमेशन नावाची पद्धत आहे. कागदावर डिस्पर्स रंगाने उलटं चित्र छापतात, तो कागद कापडावर ठेवून 200 अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली दाबतात. घन रंगाची थेट वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरून बसते. बोट फिरवलं तर छपाई हाताला लागत नाही. ती तडकत नाही, सोलत नाही. पंचवीस रंग असोत की एक, खर्च तोच. पाठीवर प्रत्येकाचं नाव वेगळं असलं तरी फरक पडत नाही. पांढऱ्या कापडाचे कापलेले तुकडे आधी छापून मग शिवले, की शिवणीपासून शिवणीपर्यंत रंगीत जर्सी तयार. मोह होणारच. पण या पद्धतीच्या दोन अटी आहेत. कापड पॉलिएस्टरच हवं, सुतीवर हा रंग पहिल्या काही धुण्यांतच ओसरतो. आणि कापड पांढरं किंवा फिकट हवं, कारण यात पांढरी शाई नसतेच. म्हणजे तुम्ही चित्र निवडलंत, चित्राने सब्लिमेशन निवडलं, सब्लिमेशनने पॉलिएस्टर निवडलं, आणि कापसाच्या जिल्ह्यातला कार्यकर्ता प्लास्टिकचा धागा घालून घामाघूम झाला. त्याला कोणी विचारलंच नाही.

याच वाफेची दुसरी बाजू सांगतो, कारण दुर्गोत्सवात तिचा फटका बसतो. लाल किंवा भगवा तयार पॉलिएस्टर टी-शर्ट घेतात आणि त्यावर पांढरी अक्षरं छापायला देतात. हातात येतात तेव्हा अक्षरं शुभ्र असतात, अष्टमीपर्यंत गुलाबी झालेली असतात. मग छापणाऱ्याने शाईत लबाडी केली असा बोभाटा होतो. लबाडी नसते. कापडाचा लाल रंगही डिस्पर्सच असतो. छपाई पक्की करायला उष्णता दिली की तोही उडतो आणि पांढऱ्या शाईत झिरपतो. यावर कमी तापमानाला पिकणाऱ्या शाया आहेत, मध्ये अडवणारा राखाडी थर देता येतो. पण शंभर रुपयांचा टी-शर्ट मागणाऱ्याला तो थर कोण देणार? गडद पॉलिएस्टरवर पांढरं छापायचा हट्टच करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता स्क्रीन प्रिंटिंग. माझा जीव यात अडकलेला आहे, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने 1907 मध्ये रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं. आज रेशीम गेलं, पॉलिएस्टरची जाळी आली, बाकी तत्त्व तेच. चौकटीवर ताणलेल्या जाळीला प्रकाशाने घट्ट होणारं रसायन लावायचं, फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा, जिथे अक्षर आहे तिथलं रसायन पाण्याने धुऊन निघतं, आणि त्या मोकळ्या जागेतून स्क्वीजीने शाई ओढायची. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणारा माणूसही हेच करतो. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, आणि सगळा हिशेब तिथेच आहे. समजा एका फ्रेमला चारशे रुपये खर्च आला. दहाच टी-शर्ट असतील तर एका रंगामागे नगाला चाळीस रुपये चढले. चारशे टी-शर्ट असतील तर एक रुपया. म्हणून नग जास्त आणि रंग कमी असतील, तर या पद्धतीला आजही तोड नाही. रंग एक किंवा दोन ठेवा. एका रंगात चांगलं चित्र काढता येत नसेल, तर चित्रकार बदला, पद्धत नको.

शाईचे प्रकार लोक विचारत नाहीत, पण विचारावेत. प्लास्टिसोल ही पीव्हीसीची शाई. गडद कापडावर ठसठशीत दिसते, पण ती हवेवर कधीच वाळत नाही. पूर्ण थर साधारण 160 अंशांपर्यंत तापला तरच पिकते. वरून तापवली आणि आतून कच्ची राहिली, तर दिसायला ठीक असते आणि धुतल्यावर तडकते. तपासायचं कसं? छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणा. शाई कापडाबरोबर ताणली जाऊन परत आली तर पिकली, भेगा पडल्या तर कच्ची. पाण्यात मिसळणारी पिगमेंटची शाई वेगळी. ती कापडात मुरते, मऊ लागते, श्वास घेऊ देते, फिकट सुती कापडावर फार छान दिसते. अंगभर मोठं चित्र प्लास्टिसोलमध्ये छापलं तर छातीवर रबराचा पत्रा बांधल्यासारखं होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात घालून पाहा. आणि या दिवसांत एक अडचण आहेच. पावसाळी हवेत फ्रेमवरचं रसायन वाळायला वेळ लागतो, पाण्याची शाईही रेंगाळते. "परवा पाह्यजेत" याला आमच्याकडून जो नकार येतो, त्याचं निम्मं कारण ढगात असतं.

मग कमी नग आणि भरपूर रंग असतील तर? पंधरा जणांचा गट आहे, देवीचा फोटो आहे, सगळ्या छटा हव्यात. यासाठी डीटीएफ आली. प्लास्टिकच्या फिल्मवर रंग छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर, त्यावर गरम केल्यावर चिकटणारी पावडर. मग ती फिल्म प्रेसखाली कापडावर उतरवतात. सुती, पॉलिएस्टर, गडद, फिकट, सगळ्यावर बसते. गेल्या चार-पाच वर्षांत लहान शहरांतही ही मशिनं पोचली आणि घाईच्या ऑर्डरी तिकडे वळल्या, ते बरंच झालं. पण हा शेवटी कापडावर चिकटवलेला पापुद्रा आहे. छोटा ठेवला तर टिकतो. पाठभर लावला तर घाम अडवतो आणि कडेने सुटायला लागतो. उलटा करून धुवायचा, त्यावर थेट इस्त्री फिरवायची नाही. या सूचना आपल्याकडे कोण पाळतं ते मी सांगत नाही.

खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे आणि नावं कापलेल्या व्हिनाइलमध्ये लावतात, त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

भरतकामाचा हिशेब सगळ्यात निराळा. आधी चित्राचं पंचिंग करतात, म्हणजे सुई कुठून कुठे जाईल याची फाइल. भाव टाक्यांवर ठरतो. रंग वाढले तर फारसं बिघडत नाही, आकार वाढला की बिघडतं. नग वाढले तरी पंचिंगचा खर्च तेवढा वाटला जातो. मशीनचा वेळ प्रत्येक नगाला तेवढाच लागतो. म्हणून डाव्या छातीवर तीन इंचांचं बोधचिन्ह, कॉलरचा जाड मॅटी टी-शर्ट, आणि दोन-तीन वर्षं रोज घालायचा गणवेश, अशा ठिकाणी भरतकाम घ्या. शाळेचे शिक्षक, पतसंस्थेचे कर्मचारी, रुग्णालयातले मदतनीस. पातळ होजिअरीवर ते केलं की भोवती चुण्या पडतात, मागे अस्तर लावलं तरी.

पण आपल्या लिपीचा प्रश्न भरतकामात सगळ्यात जास्त छळतो. रोमन अक्षराला एक उंची पुरते. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. त्याच उंचीत हे सगळं कोंबलं की सुईला जागाच उरत नाही. 'त्र' आणि 'श्र' मधली पोकळी भरून जाते. स्क्रीनमध्ये उलटं होतं, बारीक टिंब जाळीवर धरतच नाही आणि "मंडळ" चं "मडळ" होऊन शंभर पाठींवर फिरतं. उपाय साधे आहेत. मराठी मजकूर कमी ठेवा, मोठा ठेवा, जाड वळणाचा फॉन्ट घ्या. फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. कोरलमधली, अक्षरं कर्व्ह केलेली मूळ फाइल द्या, नाहीतर आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. आणि छापायच्या आधी मजकूर मंडळातल्या एखाद्या मास्तरांकडून वाचून घ्या. छापणारा शुद्धलेखन तपासत नाही, तो दिलेलं छापतो.

हातकामाबद्दल दोन शब्द. पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या तांड्यांवर बंजारा बायांच्या हातात आरशांचं, कवड्यांचं, रंगीत दोऱ्याचं काम आहे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला बाजारही आहे. आपल्याकडे हे काम अजून घरच्या फेटिया-कांचळीपुरतं, म्हणजे घागरा-चोळीपुरतं, आणि लग्नापुरतं राहतं. शंभर टी-शर्टांवर ते करा असं मी म्हणणार नाही, परवडणार नाही आणि त्या बायांवर अन्यायही होईल. पण पंचवीस बायांचा बचत गट असेल, जाकीट किंवा पिशवी असेल, तर हातभर लांब संगणकी भरतकामापेक्षा तळहाताएवढा हाताने केलेला तुकडा शिवून लावावा. शेजारी वर्ध्याला 1938 सालचं मगन संग्रहालय आहे. तिथे खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम आजही पाहायला मिळतं. लाकडी ठशाने छापलेला सुती कुर्ता लहान गटाला शोभतो. नैसर्गिक रंगात प्रत्येक नग थोडा वेगळा निघणार, एवढं मान्य करून जा.

आणखी एक गोष्ट, जी छापणाऱ्याच्या तोट्याची आहे तरी सांगतो. टी-शर्टावर साल छापू नका. साल छापलं की पुढच्या वर्षी तो मंडळात चालत नाही आणि नवी ऑर्डर द्यावी लागते. विसर्जनानंतर हे टी-शर्ट कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीला, तुरीच्या सोंगणीला अंगावर तेच असतात. मंडळात दहा दिवस आणि शेतात दोन वर्षं, असं त्याचं खरं आयुष्य. तिथे पाठीवरचा रबराचा पत्रा कोणालाच नको असतो.

आता यंदाच्या ऑर्डरीपुरतं. स्थापनेच्या निदान तीन आठवडे आधी छापणाऱ्याकडे जा. गळ्यातला टॅग वाचा. त्यावर कापडाचं मिश्रण लिहिलेलं नसेल तर विचारा. एक नमुना छापून घ्या, घरी साबणाने पाच वेळा धुवा, उन्हात वाळवा, ओल्या पांढऱ्या फडक्याने छपाई घासून पाहा. फडक्याला रंग लागला, तर उरलेल्या नव्याण्णव नगांचे पैसे देऊ नका. आमच्या दुकानातून घेतले असतील, तरी देऊ नका.