शिकवायचा वेळ शिफ्टमध्ये धरा



या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. प्रथेप्रमाणे मी आता वर्षभराचा आढावा घ्यायला हवा. तो अहवालात छापलेला आहे, बरा छापलाय, घरी जाऊन वाचा. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायला मी हे व्यासपीठ मिळायची वाट बरीच वर्षं पाहिली आहे.

आपल्याकडे कामगारांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलं की लोणावळ्याचं रिसॉर्ट ठरतं. गळ्यात माइक अडकवलेला पाहुणा येतो, सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावतो, ग्रुप फोटो निघतो. सोमवारी माणूस मशिनवर परत येतो तेव्हा टूल तेच बोथट असतं आणि नव्या टूलची मागणी स्टोअरमध्ये तशीच पडलेली असते. या खर्चाला ट्रेनिंग बजेट म्हणतात. त्याच कारखान्यात सुपरवायझरने नव्या पोराला शिकवायला लाइनवरून वीस मिनिटं बाजूला घेतलं, तर संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्याला उभं करतात: प्रॉडक्शन का पडलं?

माझी तक्रार एवढीच आहे.

शॉपवर टांगलेला स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. प्रत्येक नावापुढे चार पाव केलेलं वर्तुळ. पहिला पाव म्हणजे शिकतोय, चौथा भरला म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मी एका कारखान्यात (नाव सांगणार नाही, मंडळी इथेच बसली असतील) ऑडिटच्या आदल्या दिवशी हे पाव स्केचपेनने भरले जाताना पाहिलेत. सोबत हजेरीपत्रकावर सह्या, त्याही एकाच हाताच्या. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांची नावं तर बोर्डावर नव्हतीच, आणि मशिनं तीच चालवत होती.

काल दुपारच्या परिसंवादात दीड तास वाद झाला: कोचने सांगायचं की विचारायचं? दोन्ही बाजूंनी पुस्तकांचे दाखले आले. मी एका मिस्त्रींची गोष्ट सांगतो. त्यांच्या हाताखाली लेथवर एक आयटीआयचा पोरगा होता. शाफ्ट मापाला आला की तो लगेच मायक्रोमीटर लावायचा, जास्त दिसलं की आणखी एक बारीक कट घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तपासणीत जॉब बारीक निघायचे, रिजेक्ट. मिस्त्रींनी भाषण दिलं नाही. नुकताच उतरवलेला शाफ्ट त्याच्याकडून मोजून घेतला आणि आकडा बाकावर खडूने लिहायला लावला. चहानंतर म्हणाले, ‘आता परत मोज.’ पोराने मोजलं, थांबला, पुन्हा मोजलं. ‘मिस्त्री, आकडा बदलला.’ ‘मग? कशानं?’ पोराने शाफ्टला हात लावून पाहिला. 50 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट 40 अंशांनी तापला तर साधारण 23 मायक्रॉन फुगतो. हे त्याच्या आयटीआयच्या वहीत असणारच, पण ते त्याला त्या बाकाशी कळलं. त्यानंतर तोच बाकीच्यांना गरम जॉब मोजू देत नसे. मायक्रोमीटर धरायचा कसा हे मात्र मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं, हात धरून. तेव्हा सांगायचं की विचारायचं हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. शेजारी उभं राहायला वेळ असलेला माणूस दोन्ही करतो.

दुसरा वाद पैशाचा. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांचा हवाला देऊन एक तरुण सहकारी म्हणाले की पगाराने असंतोष कमी होतो, उमेद येत नाही. अहो, 1959 मध्ये छापलेला हर्झबर्ग यांचा अभ्यास पिट्सबर्गच्या इंजिनियर आणि हिशेबनीसांवर होता. ज्याच्या ओव्हरटाइमचे पैसे दोन महिने ठेकेदाराकडे अडकलेत, त्याला हा सिद्धान्त ऐकवू नका. आधी पैसे द्या, मग उमेदीचं बोलू.

आणि शिकवणं ही काही देवदत्त कला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार लढाईवर गेले, कारखान्यांत नवखी माणसं आली. तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी उपक्रमाने शिकवायला धरलं ते सुपरवायझरला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, त्यात शिकवायच्या चार पायऱ्या: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. 1945 पर्यंत सोळा लाखांहून अधिक लोक त्यातून गेले. युद्धानंतर हेच जपानने उचललं, टोयोटाने पचवलं. आपण टोयोटाचे जपानी शब्द भिंतीवर लावले आणि या पायऱ्या सोडून दिल्या.

परिषदेने काय करावं? मराठीत सुपरवायझरसाठी एक छोटी पुस्तिका काढावी, चार-सहा कारखान्यांत प्रयोग करावा. तपशील नवी कार्यकारिणी ठरवेल, माझा त्यात फार जीव नाही. माझी विनंती समोर बसलेल्या प्लँट हेड मंडळींना आहे. उद्या एका लाइनवर, एका सुपरवायझरचा रोजचा अर्धा तास टार्गेटमधून वजा करा, त्यावर ‘शिकवणं’ असं लिहा आणि त्या अर्ध्या तासाचा जाब त्याला विचारू नका. हे जमणार नसेल, तर बोर्डावरचे ते भरलेले चौथे पाव आजच पुसून टाका.