आई, कुशीत लेकरू आणि लाकडावरचा घाव

आज कानात इअरफोन आणि हातात फोन, दोन्ही लागणार आहे. कारण बोलायचंय दोन मुद्राचित्रांबद्दल. दोन्ही जर्मनीच्या केटे कोल्विट्झची.

पहिलं १९०३ चं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं रेषा कोरून घेतलेला छाप. मांडी घालून बसलेल्या आईनं मेलेल्या लेकराला इतकं घट्ट कवटाळलंय, की तिचा चेहरा त्याच्या छातीत रुतलाय. क्रुसावरून उतरवलेला येशू मांडीवर घेतलेली मरिया तुम्ही पाहिली असेल. ती बहुतेकदा शांत दिसते. ही मात्र सोडायलाच तयार नाही.

मॉडेल कोण? केटे स्वतः, आरशासमोर. कुशीत धाकटा पेटर, वय वर्षं सात. भारानं ती कण्हायला लागली, तर तोच तिची समजूत घालत होता की चित्र छान होणार आहे!

अकरा वर्षांनी, १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. पेटरला सैन्यात जायचं होतं. वय लहान, म्हणून वडिलांची परवानगी हवी. ते तयार नव्हते. केटेनंच त्यांचं मन वळवलं. ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये पेटर मारला गेला. वय फक्त १८.

दुसरं चित्र 'बलिदान', तिच्या 'युद्ध' या सात चित्रांच्या मालिकेतलं. मालिका तिनं आधी दुसऱ्या तंत्रांत करून पाहिली, मनासारखी होईना. मग वुडकट. यात लाकूड जिथं कोराल तिथं कागद पांढरा राहतो, आणि एकदा कोरलेलं भरून येत नाही. काळ्या अंधारात डोळे मिटलेली आई, तान्हं बाळ दोन्ही हातांनी पुढं धरलेलं.

मला इथं बायबलमधला अब्राहाम आठवतो. इसहाकावर सुरी उगारलेली असताना देवदूत हाक मारून त्याला थांबवतो. केटेच्या चित्रात मात्र देवदूत नाही. हाक मारणारं कुणीच नाही.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. एकात आई धरून ठेवते, दुसऱ्यात देऊन टाकते. आणि दोन्हीकडे हात तेच.

मी हे पहिल्यांदा रात्री फोनवर झूम करून बघितलं. मग आईला फोन लावला. बोलण्यासारखं खास काही नव्हतं. तिनं विचारलं, "जेवलास का?"

भेटू पुढच्या भागात.