माझी गाडी, तुमचे कान

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या गाडीमुळे ज्यांची कधी ना कधी झोपमोड झाली असे सर्व सभासद बंधू-भगिनींनो,

कमिटीनं मला छंदावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. माझ्या आधी बागकामावर आणि भरतकामावर छान भाषणं झाली. माझा छंद पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभा आहे आणि त्याबद्दल कमिटीकडे आजवर चार लेखी तक्रारी आल्यात. गेटजवळचा स्पीडब्रेकरही माझ्याचमुळे झालाय, हे नवीन भाडेकरूंना माहीत नसेल म्हणून सांगून टाकतो.

गाडी आहे फियाट पॅलिओ, २००२ चं मॉडेल, १.६ लिटरची. मी २००६ साली ती सेकंडहँड घेतली, सव्वादोन लाखाला. सौ. म्हणाल्या, एवढ्यात नवी मारुती येईल. बरोबरच होतं त्यांचं. पण ज्या मालकानं मला ती होटगी रोडवर चालवायला दिली, त्यानं तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबायला सांगितला आणि माझा हिशेब तिथंच संपला. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, शंभर अश्वशक्ती. आपल्या वडिलांच्या पिढीची पद्मिनी फियाट चाळीसच्या आसपास होती, यावरून अंदाज करा. मुलं हिला स्पोर्ट्स कार म्हणतात. खरं तर ती चार दरवाज्यांची घरगुती गाडीच, फक्त इंजिन मोठं बसवलेलं. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे सचिनला २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते भेट मिळालेली फेरारी ३६० मोडेना. तिच्या आयात शुल्कावरून किती गाजावाजा झाला ते आठवत असेल. तोच सचिन पॅलिओची जाहिरात करायचा. त्याला फेरारी, आम्हाला पॅलिओ. आपल्या विजापूर रोडवरचे खड्डे बघता फायद्यात कोण राहिलं, ते तुम्हीच ठरवा.

आता यात सोलापूरचा संबंध काय? आहे ना! वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आपल्या सोलापुरातला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला, पुढे तिथं फियाट गाड्या बनू लागल्या. पद्मिनी तिथलीच. आणि माझी पॅलिओही त्याच कुर्ल्याहून बाहेर पडलेली. म्हणजे गाडी इटलीची म्हणा, मुंबईची म्हणा, तिची नाळ इथं आहे. इंजिनातले व्हॉल्व्ह उघडझाप करणारा जो दांडा, कॅमशाफ्ट, तो तर आज आपल्याच गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये बनतो आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांना जातो. आपण मात्र बाहेरगावी सोलापूरचं म्हणून चादर आणि शेंगाचटणीच सांगतो.

असो. गाडी घेतली की आधी ती समजून घ्यावी. मी आधी ती बदलायला निघालो. पुण्याच्या नाना पेठेतून उघड्या जाळीचा, शंकूसारखा एअर फिल्टर आणला. कंपनीची फिल्टरपेटी काढून तो बसवला. आवाज असा भारी यायला लागला की वाटलं, दहा अश्वशक्ती तरी वाढली. मे महिन्यात कळलं की गाडी उलट मंद झालीय. कंपनीची पेटी बाहेरची हवा घेते. माझा शंकू बॉनेटखालची, इंजिननं तापवलेली हवा ओढत होता. गरम हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी. बाहेर ४४ डिग्री, मग आत किती असेल? त्यात आमच्या ऑफिसशेजारी यंत्रमागाचे कारखाने. महिन्याभरानं फिल्टर काढला तर त्यावर कापसाच्या तंतूंची गादी! नऊशे रुपये पाण्यात. जुनी पेटी माळ्यावरून खाली आली.

मग स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. ती आपल्या स्पीडब्रेकरला घासायला लागली. ते प्रकरण लांबवत नाही, चार महिन्यांत तेही परत केलं.

तिसरा उद्योग सायलेन्सरचा. २००९ साली मोकळ्या नळीचा सायलेन्सर लावला. त्याचा आवाज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवतोय, हे चेहऱ्यांवरूनच दिसतंय. पहिली लेखी तक्रार तळमजल्यावरच्या काकांची. काका लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर मुलाकडे इथं राहायला आले होते. छातीचा त्रास होता, दुपारी पडायचे, आणि मी नेमका दोनला जेवायला यायचो. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "सदर वाहनाच्या आवाजाने हृदयात धडधड होते." मला राग आला. मी म्हणालो, काका, ट्रक जातात ते चालतं का? ते म्हणाले, "ट्रकवाला माझ्या खिडकीखाली राहत नाही." पुढं सहा महिने आम्ही जिन्यात भेटलो तर दोघंही भिंतीकडे बघायचो.

शेवटी एका रविवारी सायलेन्सर बदलला. काकांसाठी बदलला असं म्हणालो तर खोटं होईल. आमच्या धाकटीला अंगावर घेऊन झोपवताना सौ.ना रोज त्याचा त्रास व्हायचा आणि घरातली तक्रार लेखी नसते. कंपनीचा जुना सायलेन्सर लावून सकाळी गाडी सुरू केली. काका अंगणात तुळशीला पाणी घालत होते. तांब्या तसाच हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, आता टोमणा. ते म्हणाले, "बंद करू नको. तुझं बेअरिंग बोलतंय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. काका घरात गेले, हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. त्याची मूठ कानाला, टोक इंजिनाच्या बाजूच्या कव्हरवर. मग माझ्या कानाला लावला. आत बारीक किरकिर, रातकिड्यासारखी. ते म्हणाले, "माग असो की मोटार, कोरडं बेअरिंग असंच रडतं."

इथं थोडं तांत्रिक सांगावं लागेल. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल एका दातेरी रबरी पट्ट्यावर सांभाळला जातो, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो ताणून धरायला एक पुली असते. त्या पुलीचं बेअरिंग अडकलं की पट्टा तुटतो, पट्टा तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन संपतं. आधी कुठला दिवा लागत नाही, की सूचना मिळत नाही. पट्टा किलोमीटरवर बदलतात, पण रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं, आपल्या उन्हात तर लवकरच. मेकॅनिकनं कव्हर उघडलं तेव्हा पुली हातानं हलत होती आणि पट्ट्याची एक कड उसवलेली होती. त्याच आठवड्यात आम्ही सगळे पुण्याला लग्नाला निघणार होतो. रात्रीचा प्रवास, मागं ट्रकांची रांग. सहा महिने मी त्या मोकळ्या सायलेन्सरचा गडगडाट ऐकत आनंदात होतो आणि त्याच्याखाली हे चाललेलं मला कळलंच नव्हतं.

पुली सोलापुरात मिळेना. गावातलं सर्व्हिस सेंटर तोवर बंद झालं होतं. आमचा एक गट आहे, लातूर, बार्शी, पंढरपूर, गुलबर्गा इथले मिळून आठ-नऊ जण, सगळे याच गाडीचे वेडे. लातूरच्या मित्रानं स्वतःसाठी जपून ठेवलेली पुली एसटीच्या पार्सलनं पाठवली. पैसे घेतले नाहीत. आमच्यात रिवाज आहे, सुटा भाग घ्यायचा आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुणी गेलं की तोच भाग आणून गटात ठेवायचा. फियाटनं २०१९ च्या सुमारास आपल्या नावाची विक्री देशात थांबवली, त्यानंतर तर या डब्यातल्या सामानावरच आमचं चाललंय. जे मिळत नाही ते इथंच बनवतो. पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक लेथवाले करून देतात. पहिल्यांदा नमुना हातात घेऊन ते म्हणाले होते, "हे कुठल्या लूमचं हो?" बुश मात्र अजून टिकलेत.

तरुण मंडळींसाठी दोन गोष्टी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतन करताना गाडी तपासतात. माझी २०१७ आणि २०२२ मध्ये पास झाली, दुसऱ्या वेळी फी सहाशेची पाच हजार झालेली. आणि दुसरं, पैसे घालायचेच असतील तर ब्रेकमध्ये घाला. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० डिग्रीला उकळतं, ओल शिरली की १५५ च्या आसपासच. तुळजापूरच्या घाटात उतरताना माझा पाय एकदा पार तळाला गेला होता. गिअर खाली आणून, हँडब्रेक ओढून थांबवली. मागं आई बसली होती, तिला वाटलं दर्शनाला थांबलो. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो.

काका २०१८ मध्ये गेले. त्याआधी सात-आठ वर्षं दर महिन्याला एक रविवार ते खुर्ची टाकून पार्किंगमध्ये बसायचे आणि मी बॉनेट उघडायचो. अल्टरनेटरचं बेअरिंग, एसीचा पट्टा, सगळं त्यांनी मला कानानं ओळखायला शिकवलं. सगळं नाही जमलं. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, म्हणून गाडी धुवायची तर अर्धी बादली आणि ओलं फडकं, हा नियमही त्यांचाच. त्यांच्या मुलानं तो लांब स्क्रूड्रायव्हर मला दिलाय, डिकीत असतो.

दहा मिनिटं होऊन गेली, सेक्रेटरी साहेब घड्याळ दाखवतायत. ज्यांना गाडीत बसायचंय त्यांनी येत्या रविवारी सकाळी सात वाजता खाली यावं, मोहोळपर्यंत जाऊन चहा घेऊन परत. चौघांची जागा आहे. सायलेन्सर कंपनीचाच आहे.