स्वराज्य म्हणजे फुटून निघणे काय?



चाकणमध्ये उभे राहून ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारायचा तर जरा जपूनच उच्चारला पाहिजे. इथला संग्रामदुर्ग 1660 सालच्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने झुंजवला. शाइस्तेखानाला शेवटी बुरुजाखाली सुरुंग लावावा लागला, तेव्हा कुठे किल्ला पडला. त्या किल्ल्याचं जे काही उरलं आहे ते आपण येता-जाता पाहतो. पण ज्या शब्दासाठी ती माणसं मेली, त्याचा अर्थ काय, हे आपण कधी नीट विचारलं आहे काय?

विचारायला कारण आहे. भाषावार राज्याची मागणी केली की समोरून हटकून एकच आरोप येतो : तुम्ही फुटीर आहात! 1949 साली जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी या तिघांच्या समितीने भाषावार प्रांत लांबणीवर टाकले, तेही देशाच्या ऐक्याचं नाव पुढे करून. आणि इकडे आमच्याच बाजूचे काही उत्साही मित्र शिवकाळाचा नकाशा भिंतीला टांगतात आणि म्हणतात, एवढं सगळं आमचं! आमचं म्हणणं असं की या दोघांनीही हा शब्द उघडून पाहिलेला नाही.

महाराजांनी जे केलं त्याला विजापूर आणि दिल्ली काय म्हणत? बंड. फितवा. जहागीरदाराच्या मुलाने धन्याविरुद्ध केलेली पुंडाई. मराठ्यांना मोगलांच्या फारसी तवारिखांतून ‘गनीम’ म्हटलं आहे, म्हणजे शत्रू, लुटारू. गंमत अशी की मराठी कागदांतून हाच ‘गनीम’ शब्द मोगलांना लावलेला सापडतो, आणि ‘गनिमी कावा’ तर आपण अभिमानाने मिरवतो! करणी एकच, ती तुम्ही तटाच्या कोणत्या बाजूने पाहता त्यावर तिचं नाव ठरतं.

‘हिंदवी स्वराज्य’ हे शब्द 1645 च्या एका पत्रात आहेत असं सर्रास सांगितलं जातं. त्या पत्राच्या अस्सलपणाबद्दल संशोधकांत वाद आहे, म्हणून त्यावर आम्ही इमारत उभी करत नाही. त्याची गरजही नाही. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला, नवा शक सुरू झाला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवला गेला. बंडखोराला शक लागत नाही, कोश तर नाहीच नाही. कारभार कोणत्या शब्दांत लिहायचा हा प्रश्न ज्याला पडतो, तो राज्य करायला निघालेला असतो.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण ती सभांतून फारशी सांगितली जात नाही.

1719 साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले. तिथून येसूबाईंची सुटका झाली आणि तीन सनदा मिळाल्या : एक चौथाईची, एक सरदेशमुखीची आणि तिसरी चक्क ‘स्वराज्या’ची! म्हणजे शिवाजी महाराजांच्या ताब्यात असलेला मुलूख शाहूंकडे राहावा, याला बादशहाच्या शिक्क्याची मान्यता. ज्याच्यापासून फुटून निघालो त्याच्याच मोहरेने आपलं वेगळेपण कबूल करून घ्यायचं! बदल्यात शाहूंनी दहा लाखांची पेशकश द्यायची आणि चौथाईसाठी पंधरा हजार फौज बादशाही चाकरीला ठेवायची होती. कुणी म्हणेल, ही तडजोड झाली. झाली खरी. पण बादशाही बुडवून टाकणं हा त्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी उरला नव्हता. आपल्या मुलखाचा अंमल आपण करणार, वरचा धनी कुणी का असेना, हा अर्थ होता.

आणि मग तो शब्द थेट गावच्या हिशेबात उतरला. पेशवाईतल्या कागदांत एकाच गावच्या वसुलाचे दोन भाग दिसतात : एक ‘स्वराज्य’, दुसरा ‘मोगलाई’. याला दुअंमली म्हणत. रयतेच्या दारात दोन सरकारांचे दोन कारकून! चौथाई म्हणजे पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा टक्के, तीही पुन्हा वेगवेगळ्या वाटेकऱ्यांत फोडलेली. सामान्य कुणब्याला स्वराज्य हा शब्द पोवाड्यातून जेवढा भेटला असेल, त्याहून अधिक तो या वसुलातून भेटला. हे ऐकून कुणाला वाईट वाटेल. आम्हाला नाही वाटत. शब्द जिवंत असतो तो हिशेबात असतो म्हणून.

‘मोगलाई’ आजही आपल्या तोंडात आहे. मुकादमाने पाळी संपल्यावर थांबवून ठेवलं की आपण म्हणतो, ‘इथं काय मोगलाई लागून गेली काय?’ निजाम मूळचा मोगलांचा सुभेदार, म्हणून त्याच्या मुलखाला सरहद्दीवरची माणसं 1948 पर्यंत मोगलाईच म्हणत. जिथे आपलं गाऱ्हाणं ऐकायला कुणी नाही, ती मोगलाई. मग स्वराज्य काय, हे त्याच्या उलट वाचून घ्या.

हा अर्थ आम्ही आमच्या पदरचा सांगत नाही. त्याचा कोर्टात कस लागलेला आहे. 1916 साली बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. होय, बेळगावला! लोकमान्यांनी बेळगावात एक आणि नगरला दोन भाषणं केली. सम्राट राहू द्या, पण मधला कारभार कुणी करायचा, एवढाच प्रश्न त्यांनी टाकला. सरकारने त्याला राजद्रोह ठरवून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. 9 नोव्हेंबर 1916 ला मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. भाषणं समग्र वाचली तर त्यांत राजद्रोह नाही म्हणाले. इंग्रजाच्या न्यायाधीशाला जे समजलं, ते स्वतंत्र हिंदुस्थानातल्या समित्यांना समजायला इतका वेळ लागावा?

आता आमच्या नकाशेवाल्या मित्रांना दोन शब्द. 1719 च्या स्वराज्याच्या यादीत पुणे आहे, मावळ आहे, चाकणच्या शेजारचं जुन्नर आहे. पण त्याच यादीत कोप्पळ, गदग, हल्याळ हा कानडी मुलूख आहे आणि गुजरातेतली गणदेवी आहे. मग काय गदगही मागणार? ते राज्य भाषेवर बांधलेलं नव्हतंच. जुन्या सनदेवर सीमा मागाल तर उद्या दुसरा कुणी त्याहून जुना ताम्रपट काढील. बेळगाव 1956 साली म्हैसूर राज्यात घातलं गेलं, 2004 साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. तिथे आपली बाजू उभी आहे ती खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार खुंट्यांवर. त्यांत सनद बसत नाही.

तसाच हा शब्द शेजारच्या मशीनवर उभ्या असलेल्या बिहारी नाहीतर ओडिया माणसावर उगारू नका. तोही पोटासाठीच आला आहे. 1954 साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला, त्यानंतर या पट्ट्यात जे घडलं ते हरतऱ्हेच्या हातांनी घडलं. त्याला मराठी शिकवा. त्याची मुलं मराठी शाळेत आणा. पण नोटीस बोर्डावरची नोटीस, करारनामा, अपघाताचा फॉर्म हे मराठीत पाहिजेत ही मागणी व्यवस्थापनाकडे करायची असते, त्या गरिबाकडे नव्हे.

सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्याची मागणी यापेक्षा निराळी नाही. उतारा आणि नोटीस त्याला वाचता येईल अशा भाषेत हवी. जिथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं 1961 साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केलेलं आहे. ते पाळलं जावं, एवढाच आजचा ठराव आहे. तो आता वाचून दाखवला जाईल. हात वर करण्याआधी नीट ऐका, आणि ‘स्वराज्य’ हा शब्द त्यात कुठे घालावा असं कुणाला वाटत असेल तर इथेच, सभेतच बोला.