उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी घरचा तंबू

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "काहीतरी उपयोगाचे बोला." मी सातवी शिकलेली संसारी बाई. मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा माझा वकूब नाही. म्हणून कैरीची डाळ आणि पन्हे येईपर्यंत मी एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे तंबू.

काहीजणी हसल्या, ते मी पाहिले! पण तंबू आपल्या नाशिककरांना काही नवा नाही. २०१५ सालच्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम वसले होते, तेथील राहुट्या आपण सर्वांनी पाहिल्या. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरास निघते, तेव्हा दिंडीतल्या बायाबापड्या वाटेत राहुटीतच रात्र काढतात. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणारी कुटुंबे तर आपण रोज पाहतो. त्यांना तंबू हौसेचा नाही, नाइलाजाचा आहे. हे ध्यानात ठेवूनच मी बोलते आहे.

आता हा विषय आजच का? तर मे महिना तोंडावर आला आहे. मुलांना सुट्ट्या लागतील. पूर्वी मुले आजोळी जात. आता पुष्कळांचे आजोळ शेजारच्याच कॉलनीत असते. बाहेरगावी जावे म्हटले, तर पाच-सहा माणसांना सुट्टीच्या दिवसांत दोन खोल्या घ्याव्या लागतात, आणि दोन रात्रींच्या भाड्यात घरचा महिन्याचा किराणा येतो. मग काय होते? मुले आणि त्यांचे वडील कुठेतरी जाऊन येतात, सासूबाई घरी राहतात, आणि सासूबाईंना एकटे कसे ठेवायचे म्हणून आपणही घरी राहतो. सर्वांनी मिळून बाहेर पडायचे, तर राहण्याचा खर्च कमी झाला पाहिजे. ह्यासाठी तंबू. आमच्या घरी आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे. तंबू घेण्याआधी मी बरीच दुकाने पाहिली, चार ठिकाणी विचारले. त्यातून जे कळले ते तुमच्यापुढे ठेवते.

हल्ली जो तंबू घरोघरी घेतात तो घुमटी आकाराचा असतो. कोंबड्या झाकण्याचे डालगे पालथे घातल्यासारखा. दोन लवचीक काठ्या एकमेकींवर फुलीसारख्या वाकवल्या की कापड ताणले जाऊन तो आपोआप उभा राहतो. मधे खांब लागत नाही. बाजू गोलसर असल्याने वाराही अडत नाही, वरून निसटून जातो. गुंडाळला की वळकटीएवढा होतो. चार माणसांचा म्हणून जो तंबू मिळतो, तो अडीच-तीन हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंत असतो. एवढा फरक कशाचा, तेच पाहावयाचे आहे.

पहिली गोष्ट माणसांची. तंबूवर "चार माणसे" असे छापलेले असले, तरी तो हिशेब चार माणसे खेटून झोपण्याचा आहे. असा तंबू बहुधा सात फूट लांब आणि आठ फूट रुंद असतो, म्हणजे माणशी दोन फूट. आपली घरची एकेरी गादी तीन फुटांची! शिवाय घुमटाच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे कडेच्या माणसाच्या तोंडाला कापड लागते. दुकानात जाण्यापूर्वी घरी एक करा. तंबूची लांबी-रुंदी विचारून घ्या, जमिनीवर खडूने तेवढी चौकट आखा, आणि सगळ्यांना तीत झोपायला सांगा. सामानाच्या पिशव्याही आत ठेवा. दोन मिनिटांत उत्तर मिळेल. साधारण नियम असा की चार माणसांच्या घराने सहा माणसांचा तंबू घ्यावा. माणसे पाच-सहा असतील तर एका मोठ्या तंबूऐवजी चार-चार माणसांचे दोन बरे. ते उभारायला सोपे, वाऱ्याला कमी सापडतात, आणि एक बायकांसाठी वेगळा राहतो. लुगडे नेसायचे, लहान मुलाला अंगावर घ्यायचे, हे मुद्दे कोणताच दुकानदार सांगत नाही. ते आपणच पाहावे लागतात.

दुसरी गोष्ट उंचीची आणि दारांची. लहान घुमटी तंबू मधोमध चार-सव्वाचार फूट उंच असतो. आत उभे राहता येत नाही, रांगत जावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचा आधी विचार करा. सहा फूट उंचीचे तंबूही मिळतात, पण ते महाग आणि वाऱ्याला जास्त सापडणारे. मधला मार्ग असा की दार रुंद असावे, आणि दाराशी एक ठेंगणे स्टूल ठेवावे. त्यावर बसून पाय आत घेता येतात. दोन दारे असतील तर फारच उत्तम. रात्री कोणी उठले तर झोपलेल्यांना ओलांडावे लागत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. भातावर झाकण ठेवले की झाकणाच्या आतून पाणी ठिबकते. तंबूचेही तसेच आहे. पाच माणसांच्या श्वासाची वाफ एकेरी कापडाला आतून लागते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात. म्हणून तंबू दुहेरी घ्यावा. आतला जाळीचा, म्हणजे हवा खेळते आणि डास, विंचू-किडे बाहेर राहतात. त्यावर दुसरे आच्छादन पावसासाठी. उन्हाळ्यात जाळी जितकी जास्त तितके बरे. रंग फिका पाहावा, गडद रंग ऊन शोषतो. परंतु तंबू कितीही चांगला असला तरी मेच्या दुपारी आत भट्टी होते. दुपारी मुलांना आत निजवू नये. जागा झाडाच्या सावलीची निवडावी, मात्र वर वाळकी फांदी नाही ना, हे मान वर करून पाहावे.

चौथी गोष्ट पावसाची. उन्हाळ्यात कसला पाऊस, असे म्हणू नका. आपल्याकडे मेमध्ये वळीव कसा येतो ते द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळी असलेल्यांना विचारा. माझ्या नणंदेच्या घरी एक तंबू आणला होता, स्वस्तात स्वस्त पाहून. त्याचे वरचे आच्छादन टोपीएवढेच होते, फक्त माथा झाकणारे. रात्री वाऱ्याबरोबर पाऊस आडवा आला आणि चारही बाजूंनी आत शिरला. घरातल्या सगळ्यांनी उरलेली रात्र जीपमध्ये बसून काढली. तेव्हा आच्छादन जमिनीपर्यंत पोहोचणारे हवे. कापडावर एक आकडा लिहिलेला असतो, १५०० मिलिमीटर, २००० मिलिमीटर असा. त्याचा अर्थ तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी पाणी झिरपत नाही. वरच्या कापडाला १५०० पुरे. तळाला अधिक हवा, कारण आपल्या वजनाने ओल खालून दाबून वर येते. आणि शिवणी उलट्या करून पाहा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येईल. शिवणकाम जाणणाऱ्या आपल्या मैत्रिणींना ही परीक्षा कोणी शिकवायला नको.

पाचवी गोष्ट काठ्या आणि मेखांची. स्वस्त तंबूच्या काठ्या फायबरच्या असतात. त्या चालतात, पण चिरल्या तर कुसळे हातात जातात. म्हणून त्या हाताने न चोळता, फडक्याने धरून तपासाव्यात. ॲल्युमिनियमच्या काठ्या हलक्या आणि टिकाऊ, पण महाग. तंबूबरोबर येणाऱ्या मेखा बहुधा तारेसारख्या बारीक असतात. आपल्याकडची जमीन मुरमाची, खाली कातळ. तीत त्या वाकतात. लोखंडाच्या जाड मेखा वेगळ्या घ्याव्यात, त्यांना फार पैसे पडत नाहीत. मेख शिरतच नसेल तर तणावा मोठ्या दगडाला बांधावा. "घुमट आपोआप उभा राहतो, मग तणावे कशाला?" असे मुले म्हणतील. त्यांना सांगा, रिकामा तंबू वाऱ्याबरोबर पतंगासारखा उडतो.

तंबू घेतला की आधी घराजवळच्या मोकळ्या जागेत उभारून पाहावा आणि त्यावर रबरी नळीने पाणी सोडावे. जे गळायचे ते घरीच गळू दे. उभारणी घरातल्या बाईला आणि मुलांना यायला हवी. पुरुष जीपमधून सामान काढीपर्यंत आपला तंबू उभा राहिला पाहिजे! परत आल्यावर पापड वाळवतो तसा नीट वाळवून मगच घडी करावी, पण उन्हात नव्हे, सावलीत. दिवसेंदिवसच्या उन्हाने कापड कुजते, आणि ओले गुंडाळले तर बुरशी धरते. एवढे सांभाळले तर तंबू पुष्कळ वर्षे टिकतो.

आता दोन गोष्टी जिवाच्या. कृपा करून नीट ऐका. तंबूच्या आत शेगडी, स्टोव्ह, निखारे काही म्हणजे काही पेटवू नये. डासांची उदबत्तीसुद्धा नाही. कापड भराभर पेटते हे एक, आणि दुसरे त्याहून वाईट. बंद जागेत निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. आणि विजा कडाडू लागल्या तर तंबूत बसू नये, एकट्या झाडाखालीही थांबू नये. पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. नदीच्या पात्रात तर तंबू कधीच ठोकू नये. वरच्या धरणातून पाणी सुटले तर ते आपल्याला विचारून येत नाही.

जायचे कुठे? आपल्याला भंडारदरा जवळचा, सुमारे सत्तर किलोमीटर. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पुरे झाले. समोर कळसूबाईचे शिखर, १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. मेअखेरीस, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, तिकडच्या हिरड्या-बेहड्यांच्या झाडांवर काजवे लुकलुकतात. नुसते पाहायचे, बॅटऱ्या मारायच्या नाहीत, धरायचे नाहीत. तो मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, म्हणून वनखात्याची परवानगी आणि शुल्क विचारल्याशिवाय मनाला येईल तिथे मुक्काम करू नये. गावातले लोक आपल्या शेतात तंबू लावू देतात. तिथे स्वच्छतागृह आहे का, हे सर्वांत आधी विचारा. ज्या जागी बाईला संडासाची सोय नाही, ती जागा कितीही सुंदर असली तरी आपल्या उपयोगाची नाही. खाण्याचे पदार्थ रात्री तंबूत ठेवू नका, रानातली जनावरे वासावर येतात.

आणि स्वयंपाक? मैत्रिणींनो, तंबू स्वस्तात मिळाला, पण तिथेही आपणच तीन दगड मांडून पंधरा भाकऱ्या थापल्या, तर ती सहल कोणाची झाली? गावातल्या बायकांकडून पिठलं-भाकरी, ठेचा विकत घ्या. त्यांना चार पैसे मिळतील, आपल्या पाठीला दोन दिवस विसावा मिळेल. तो खर्च उधळपट्टीत धरू नका. तंबूच्या किमतीइतकाच तो सहलीचा खर्च आहे.

शेवटी माझी एक सूचना आहे. चांगला तंबू सहा हजारांचा धरला तर तो वर्षातून दोन रात्री वापरायचा आणि उरलेले दिवस माळ्यावर ठेवायचा, हे कित्येक घरांना परवडणारे नाही. आपल्यापैकी काहीजणी वर्षानुवर्षे कुठेच गेलेल्या नाहीत. त्या कोण, हे मला ठाऊक आहे. मी नावे घेणार नाही. मंडळाने मोठी पातेली आणि सतरंज्या घेतल्या, त्या आज कोणाच्याही मुंजीला, बारशाला जातात. तसेच चार-चार माणसांचे दोन तंबू मंडळाने घ्यावेत. बारा हजार रुपये होतील. आपण चाळीस जणी आहोत, म्हणजे प्रत्येकीला तीनशे. जिला एकदम जड जाईल तिने महिन्याला पन्नास द्यावेत. वहीत नाव लिहून न्यावा, कोरडा करून परत आणावा, मेखा मोजून द्याव्यात. पहिली पाळी त्या घरांची असावी, जिथली बाई सर्वांत जास्त दिवसांत घराबाहेर पडलेली नाही.

ह्यावर आपण सर्वांनी विचार करावा आणि मान्य असेल तर आजच हात वर करावेत, म्हणजे मे उजाडण्यापूर्वी खरेदी होईल. दुकानात जाऊन शिवणी उलट्या करून पाहण्याचे काम मी आनंदाने घेते.

पन्ह्याचे पेले आलेले दिसतात.